नुसतं नाव

तेराव्याची पंगत उठली, माधवगंजातले शेजारीपाजारी हात धुऊन आपापल्या घरी गेले, आणि मग घरात उरलेल्या तिघांमध्ये वाद निघाला. तोही कशावरून, तर महिपतरावांच्या धुनेवरून.

सुरुवात रमाकांतने केली. महिपतरावांचा हा थोरला मुलगा झाशीला रेल्वेत गार्ड होता आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परतायचा होता. त्याच्या दोघी मुली खेळता खेळता गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. त्यांना बोलवायला तो ओट्यावर आला, उजव्या हाताची मूठ सैलसर वळून ओठांना लावली आणि त्या पोकळीतून बिगूल वाजवला. थेट महिपतराव वाजवायचे तसा.

कोण रे? कोण रे? आम्ही रे, आम्ही!

हे बोल त्याने म्हटले नाहीत. ते सुरांतच होते आणि घरातल्या सगळ्यांना पाठ होते. 'आम्ही'वरचा शेवटचा सूर उंच जाऊन तसाच लोंबकळत राहायचा. रमाकांतने तो तसा ठेवला आणि त्याला जोडून एक ठसक्यातला तुकडा घेतला, धडधड जिना उतरल्यासारखा. मुली धावत आल्या.

आतून विजयाबाई बाहेर आल्या. "हे काय वाजवलंस?"

"आबांचंच. दुसरं काय?"

"सुरुवात त्यांची. पुढे काय वाटेल ते लावलंस. शेवट असा नव्हता."

"आई, लहानपणापासून ऐकलंय मी. खेळून यायला उशीर झाला की हेच वाजायचं."

"आणि मी काय कानात बोळे घालून बसले होते?" विजयाबाईंनी गल्लीत कोणी नाही असं पाहून घेतलं, पदर सावरला आणि आपली मूठ ओठांशी नेली. त्यांना ते धड जमलं नाही, अर्धी हवाच फुसफुसली, पण धून कळली. 'आम्ही'नंतर त्यांनी घेतलेला तुकडा संथ होता, रुबाबदार होता. "हे असं. रोज संध्याकाळी वळणावर आले की वाजवायचे. चहा टाक म्हणून."

"फौजेत चहाचा कॉल नसतो, आई."

"तुला रे काय ठाऊक फौजेतलं? शिट्टी फुंकून झेंडी हलवणारा तू." मग त्या मुलीकडे वळल्या. "वने, तू सांग ह्याला. तू तर शेवटपर्यंत त्यांच्यापाशी होतीस."

वनमाला दाराला टेकून उभी होती. ती दोघांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मोठी परात घासायची राहिली आहे." आणि आत निघून गेली.

मोरीत बसून तिने राख घेतली, परात घासायला सुरुवात केली आणि मनातल्या मनात धून म्हणून पाहिली. कोण रे, कोण रे, आम्ही रे, आम्ही. पुढे काही नाही. पुन्हा म्हटली. पुन्हा तिथेच येऊन थांबली, उंचावर, लोंबकळत. भावाला शेवट आठवत होता, आईला आठवत होता. आबांचं पथ्यपाणी, औषधं, रात्रीचं जागणं जिने केलं, तिला मात्र आठवत नव्हता. हे तिने कोणाला सांगितलं नाही. परात लख्ख झाली तरी ती घासतच राहिली.

महिपतराव संस्थानच्या फौजेत बिगुल मेजर होते, म्हणजे पलटणीतल्या सगळ्या बिगुलवाल्यांचे म्होरके. पलटणीत घड्याळं असायची ती साहेब लोकांच्या मनगटावर; बाकीच्यांचं घड्याळ म्हणजे महिपतराव. उठा, परेडला या, शिधा घ्या, अंगात कसर असेल तर डॉक्टरच्या दाराशी रांग लावा, दिवे मालवा, असं दिवसभराचं सगळं जगणं त्या पितळी नळीतून बाहेर पडायचं. बिगुलाला ना भोकं ना कळा. मोजके चार-पाच सूर आणि तेही फक्त ओठांनी काढायचे. नव्याने भरती झालेल्या पोरांना एक कॉल दुसऱ्यापासून वेगळा ओळखू यायचा नाही, म्हणून शिपायांनीच प्रत्येकाला बोल लावून ठेवले होते. शिध्याच्या कॉलला 'डाळ पातळ, भात कच्चा, पळा रे पळा'. हे बोल साहेबांना माहीत नसत आणि शिपायांना त्याशिवाय दुसरं काही माहीत नसे.

पुढे संस्थान विलीन झालं, त्यामागोमाग फौजही. काही माणसं नव्या सेनेत घेतली गेली, काही पेन्शनीत निघाली. महिपतराव पेन्शनीत निघाले. बिगूल सरकारचा, तो कोठीत जमा झाला. घरी येताना ते पूर्वीपासून मुठीतून वाजवायचेच; आता तेवढंच उरलं. सकाळी भाजी आणायला बाजारात जायचे, संध्याकाळी फिरायला. परतताना गल्लीच्या वळणावर आले की मूठ ओठांना लागायची. पोरं नक्कल करायची. ते पोरांना म्हणायचे, "गाल फुगवू नकोस, गाढवा, पोटातून दे."

आता पाच वर्षांनी वनमालाच्या कचेरीचीही तीच गत झाली होती. ती शिक्षण खात्यात होती. राज्य नवं होत होतं, राजधानी भोपाळला जात होती, आणि कचेरीत कपाटं, खुर्च्या, टाइपरायटर यांच्यावर खडूने आकडे पडले होते. तिच्या टेबलावरही आकडा होता. एक कारकून तिला म्हणाला होता, "बाई, उभ्या राहू नका एका जागी, तुमच्यावर पण लिहून टाकतील." दिवाळीनंतर तिला जायचं होतं. आई तिच्याबरोबर येणार की रमाकांतकडे जाणार, हे आई अजून बोलली नव्हती.

जायला तिची हरकत नव्हती. पण हे अर्धवट राहिलेलं घेऊन जायचं तिच्या जिवावर आलं होतं. इथे ही पलटण ओळखणारी माणसं तरी होती. भोपाळला गेल्यावर कोणाला विचारणार? आणि माणूस जाऊन महिना होत नाही तोवर त्याचा आवाज शेवटाकडून झिजायला लागला, तर वर्षाने हाती काय उरणार, याची तिला भीती वाटत होती. वाचलेल्या पुस्तकांतली कितीतरी पानं तिला तोंडपाठ होती. आणि ह्या चार सुरांपुढचे चार सूर सापडत नव्हते.

म्हणून एका रविवारी दुपारी ती टांगा करून हजीऱ्याला गेली. तिथे दौलतसिंह राहत होते. महिपतरावांच्या हाताखाली बिगूल शिकलेले, नव्या सेनेत घेतले गेलेले, आणि गेल्याच वर्षी तिथूनही निवृत्त झालेले. घर गिरणीच्या बाजूला होतं. दौलतसिंह लिंबाखाली खाटेवर बसून चश्म्याची काडी दोऱ्याने बांधत होते.

"महिपत उस्तादांची वनू? अरे, ये, ये. इथे बैस. बीचमध्ये नको बसू, खाट ढिली आहे, खड्ड्यात जाशील." मग त्यांनी चश्मा खाली ठेवला. "मी भिंडला होतो बेटा, मुलीकडे. आलो तर समजलं की उस्ताद गेले करून. वहिनीला तोंड दाखवायला यायचं आहे. हिंमतच नाही होत."

"या ना, काका. आई वाट पाहते."

"येणार. जरूर येणार." त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला. "त्रास नाही ना झाला फार?"

"शेवटी नाही झाला."

तिने पाणी घेतलं आणि कशासाठी आले ते सांगितलं: आबा घरी येताना एक धून वाजवायचे, रमाकांत एक शेवट सांगतो, आई दुसरा, खरा कोणता ते विचारायला आले.

"अच्छा. वाजव."

वनमालाने मूठ वळली. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच. ओठ आधी कोरडे पडले, मग आवाज फुटला. कोण रे, कोण रे, आम्ही रे, आम्ही. ती थांबली आणि त्यांच्याकडे पाहू लागली. दौलतसिंह मान एका बाजूला कलवून ऐकत होते. तेही तिच्याकडे पाहू लागले. दोघंही वाट पाहत राहिली.

"हं, पुढे?" ते म्हणाले.

"पुढे काय, तेच तर विचारायला आले मी."

"मला वाटलं तू वाजवशील." ते हसले. "अगं, पण हे तर पूरं झालं. हे नाव आहे."

"नाव?"

"पलटणीचं नाव. बघ, छावणीत मैदान एक आणि पलटणी चार. बिगूल वाजला की जेवायला या. पण कोणी या? चारही पलटणी ताट घेऊन धावल्या तर? म्हणून आधी नाव वाजवायचं, मग हुकूम. वहिनी कशी म्हणणार, वनू, पाणी आण. वनू हे नाव झालं, पाणी आण हा हुकूम. आमच्या पलटणीचं नाव हे. कोण रे, कोण रे, आम्ही रे, आम्ही." त्यांनी मूठ लावली नाही, नुसतं गुणगुणले, तरी शेवटचा सूर तसाच वर जाऊन राहिला. "तो वर का राहतो? कारण पुढे काहीतरी यायचं आहे म्हणून. नाव घेतलं की माणूस मान वर करतो ना, तसं."

वनमालाला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं. आबांनीही नाही. त्यांना वाटलं असेल, हे काय सांगायचं.

"मग रमाकांतचा शेवट?" तिने तो जिना उतरणारा तुकडा वाजवून दाखवला.

दौलतसिंहांना एवढं हसू आलं की त्यांना ठसका लागला. त्यांनी डोळे पुसले. "हा तर डिफॉल्टर कॉल आहे! शिक्षावाल्यांचा. ज्याने गडबड केली, त्याने पाठीवर बोजा घेऊन क्वार्टर गार्डच्या पहाऱ्यासमोर हजर व्हायचं. 'काय केलंस, बाबा, काय केलंस, चल आता निस्तर!' वा उस्ताद. मुलाला हा वाजवत होते?"

"खेळून उशिरा आला की."

"मग बरोबर आहे."

"काका, तो आता आपल्या मुलींना हाच वाजवून बोलावतो. फार अभिमानाने."

"बोलावू दे. तू नको सांगू. आणि वहिनीचा?"

वनमालाने आईचा तुकडा वाजवला, संथ, रुबाबदार. हा ऐकताना मात्र दौलतसिंहांचं हसू ओसरलं आणि पाठ आपोआप ताठ झाली. "हा ऑफिसर कॉल. साहेब लोकांना बोलवायचा."

"आई म्हणते, चहाचा."

"त्यांनी साहेब म्हणून बोलवलं आणि वहिनीने चहा टाकला!" त्यांनी मांडीवर थाप मारली. मग तिच्याकडे पाहिलं. "आणि तुझा?"

लिंबाची पिवळी पानं खाटेवर पडत होती. वनमालाने एक उचललं. "माझा नाहीच, काका. नावाच्या पुढचं मला आठवतच नाही. किती दिवस आठवून पाहते आहे. त्या दोघांना आठवतं आणि मला नाही."

एवढं ती कोणाजवळ बोलली नव्हती. दौलतसिंह तिचं सांत्वन करायला गेले नाहीत. त्यांनी दोरा बांधलेला चश्मा डोळ्यांवर चढवला, वाकडा बसला, पुन्हा काढला.

"फौजेत नुसतं नाव कधी वाजवत नाहीत," ते म्हणाले. "वाजवून काय करणार? लोक हातातलं काम सोडून कान देऊन उभे राहतील आणि हुकूम येणारच नाही. पण एकदा वाजलं. पलटण मोडली त्या दिवशी. कोण नव्यात जाणार, कोण घरी, ते समजलं होतं. मी जाणार होतो, उस्ताद घरी. संध्याकाळी निशाण उतरलं. ॲडज्युटंट साहेब म्हणाले, बिगुल मेजर, एकदा वाजवा. काय वाजवा ते काही बोलले नाहीत. आणि उस्तादांनी नाव वाजवलं."

"मग?"

"मग काय, सगळे उभे. जो जिथे होता तिथे. लंगरचा कुक पळी घेऊन, धोबी कपडे घेऊन, एकाची अर्धी दाढी साबणात. आता हुकूम येईल, मग येईल. उस्तादांनी बिगूल खाली घेतला, फडक्याने पुसला आणि स्वतः पण उभे राहिले. किती वेळ असे उभे होतो काय माहीत. मग तो कुक ओरडला, अरे, डाळ लागली खाली! आणि पळाला. सगळे हसले. मग एक एक करून गेले."

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं ना. म्हटलं, उस्ताद, हुकूम का नाही वाजवलात? म्हणाले, दौलत, ज्यांना बोलवलं ते सगळे आले समोर. आता त्यांना कामाला कशाला लावू?"

गिरणीचा भोंगा झाला. दौलतसिंह तो संपेपर्यंत थांबले. "आता ह्याच्यावर उठतो आणि ह्याच्यावर जेवतो मी," ते भोंग्याकडे हात करून म्हणाले. "नव्या युनिटमध्ये नवीन नाव होतं, नवीन कॉल, छापील पुस्तक. शिकलो सगळे. पण पहिल्याच हप्त्यात एकदा सकाळी, नींद पूरी झाली नव्हती, ओठांनी आपलं जुनंच नाव वाजवलं. कोणी हललं नाही. एक राजस्थानचा जवान विचारतो, उस्ताद, किसको बुला रहे हो?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, गलती हो गई." त्यांनी उठून तिच्यासाठी टांगा थांबवला. टांग्यात बसताना म्हणाले, "आठवत नाही, असं नको समजू. तुझी मूठ बरोबर होती. गालसुद्धा नाही फुगवलेस."

माधवगंजात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. वनमालाने टांगा गल्लीच्या तोंडाशीच सोडला. वळणावर येऊन ती थांबली. समोरून शेजारच्या लीलाताई देवळात निघाल्या होत्या, त्या "काय गं, आत्ता आलीस?" म्हणून पुढे जाईपर्यंत वनमालाने पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग मूठ ओठांना लावली आणि पोटातून हवा दिली.

कोण रे? कोण रे? आम्ही रे, आम्ही!

घरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. विजयाबाई दारात आल्या, हात पिठाचे, चेहरा क्षणभर भलत्याच कोणाची तरी वाट पाहणारा. वनमालाला पाहून त्यांनी चौकट धरली.

"तू होय," त्या म्हणाल्या.

"मीच, आई. चुकलं माझं. असं वाजवायला नको होतं."

"चुकलं काय त्यात." त्यांनी पदराने चौकटीला लागलेलं पीठ पुसलं. "ये आत. काय म्हणाले दौलतसिंह?"

स्वयंपाकघरात पाटावर बसून वनमालाने सगळं सांगितलं. नाव म्हणजे काय, हुकूम म्हणजे काय. रमाकांतचा कॉल शिक्षावाल्यांचा निघाला हे ऐकून विजयाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं, आणि मग त्या हसू लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. गेले कित्येक दिवस त्या हसल्या नव्हत्या. "आणि मला म्हणतो, फौजेत चहाचा कॉल नसतो!"

"तुझाही चहाचा नाहीच. तुझा ऑफिसर कॉल. साहेबांना बोलवायचा."

विजयाबाईंनी पोळी उलटली. "साहेब," त्या म्हणाल्या. "बघ मेलं. एकदा बोलले असते तर? इतकी वर्षं मी आपली उठून चहा टाकते आहे." पोळी फुगली, त्यांनी ती फडक्याने दाबली. "आणि तुझं काय निघालं?"

वनमाला ताटलीच्या काठावरून बोट फिरवत होती. "माझं काही नाही. मला नावच तेवढं आठवतं. पुढचं विसरले मी."

"विसरशील कुठून? पुढचं होतं कुठे?"

"म्हणजे?"

"त्यासाठी हजीऱ्याला टांगा करून गेलीस होय? मला विचारायचं." विजयाबाई पाठमोऱ्याच बोलत होत्या. "तू त्यांना पुढचं वाजवू कधी द्यायचीस? नाव संपतंय तोवर तू पायरीवर. हातातलं पुस्तक पालथं टाकून. एवढीशी होतीस तेव्हाही तसंच, नोकरीला लागलीस तरी तसंच. मग ते आपले मूठ खाली घ्यायचे आणि पिशवी तुझ्या हातात द्यायचे. मी म्हणायचे, अहो, मला चहाचं कळवा तरी. तर पुन्हा गल्लीच्या टोकाला जाऊन माझं पूरं वाजवून यायचे."

तवा तापून धुरावला होता. वनमालाने उठून चिमट्याने लाकूड बाहेर ओढलं आणि तिथेच आईला पाठ करून उभी राहिली. विजयाबाईंनी ते पाहिलं, पण त्या पुढची पोळी लाटत राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "भोपाळला घर मिळेल ते कचेरीपासून लांब असेल का गं?"

"माहीत नाही. का?"

"लांब असलं तर वळणावरून वाजवत ये. पण पूरं वाजव. माझं पुढचं लावून." विजयाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. "नुसत्या नावाला मी चहा टाकायची नाही. आता मला कळलंय, मी कोण आहे ते."